तसबिरीची चौकट किती जुनी? आधी ती पालथी घाला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या सावईवेऱ्याच्या आजोळच्या घराच्या वाटण्या झाल्या आणि लक्ष्मीची एक मोठी तसबीर तुमच्याकडे आली. चौकट कोरीव आहे, वर द्राक्षांचे घोस, खालच्या दोन कोपऱ्यांत समोरासमोर पोपट. जुन्या वस्तूंचा एक व्यापारी ती ‘दोनशे वर्षांपूर्वीची, पोर्तुगीज काळातली’ आहे म्हणतो. मामा म्हणतात, त्यांच्या आजोबांनी ती घरीच मेस्त, म्हणजे सुतार, बसवून करून घेतली. यातलं खरं कुणाचं, आणि चवथीच्या आधी पॉलिश करून घेतली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

पॉलिशचं आधी सांगतो. सध्या करू नका. ओल्या फडक्यानेही पुसू नका. चौकटीचं वय सांगणाऱ्या बहुतेक खुणा लाकडाच्या वरच्या पातळ थरात असतात, आणि सँडपेपरच्या एका हातात त्या कायमच्या जातात. माझ्या फोंड्याच्या कारखान्यात जुनी चौकट दुरुस्तीला येते तेव्हा निम्म्या वेळा ती आधीच कुणीतरी घासून, वर चकचकीत पॉलिश मारून आणलेली असते. मग तिच्याबद्दल खात्रीने बोलायला फारसं काही उरत नाही.

आता मूळ मुद्दा. तुम्ही एका वस्तूचं वय विचारताय, पण तुमच्यासमोर चार वस्तू आहेत: चौकट, चित्र, काच आणि मागची पाठ. चारही एकाच दिवशी एकत्र आल्या असतील, किंवा प्रत्येकीचा काळ वेगळा असेल. काच फुटते, पाठ वाळवी खाते, चित्र पावसाळ्यात बुरसतं आणि बदललं जातं. चौकट मात्र टिकते. म्हणून चित्राच्या वयावरून चौकटीचं वय काढू नये आणि चौकटीवरून चित्राचंही नाही. दोन्ही वेगवेगळी पाहायची आणि मग ती एकमेकांसाठी केली होती का, हे ताडून बघायचं.

‘पोर्तुगीज काळातली’ या शब्दांत वयाची माहिती जवळजवळ काहीच नाही. गोव्यात तो काळ १५१० ते १९ डिसेंबर १९६१ असा साडेचारशे वर्षांचा. त्यातही सावईवेरे नव्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगीजांनी नंतर घेतलेल्या मुलखात येतं. फोंडा महाल पोर्तुगीजांकडे गेला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. १९६० साली केलेली चौकटसुद्धा पोर्तुगीज काळातलीच. व्यापाऱ्याने त्या शब्दाला दोनशे वर्षं जोडली आहेत, त्यांचा पुरावा त्याने दाखवायला हवा.

चित्राचं त्या मानाने सोपं आहे. तुमच्या फोटोत खालच्या कडेला काचेआडून ‘कार्ला-लोणावळा’ अशी अक्षरं दिसतात. राजा रविवर्मांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि काही वर्षांतच लोणावळ्याजवळ, कार्ल्याशेजारच्या मळवलीला गेला; तुमच्या चित्रावरची अक्षरं तिथली. म्हणजे हे चित्र त्या स्थलांतरानंतरचं, त्याआधीचं असूच शकत नाही. छापखाना पुढे फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला आणि तीच लोकप्रिय चित्रं नंतरही कित्येक वर्षं निघत राहिली. म्हणून खालची मर्यादा नक्की आहे, वरची सैल आहे. एक खात्री मात्र करून घ्या. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि देवीच्या गालावरचा रंग बघा. जुन्या शिळाछापात वेगवेगळ्या रंगांचे ठिपके वेडेवाकडे, वाळूसारखे पसरलेले दिसतात. अलीकडच्या ऑफसेट छपाईत ठिपके ओळीने, सारख्या अंतरावर, गोल नक्षी करून बसलेले असतात. तसं दिसलं तर ती नंतरची नक्कल, मग खाली काहीही छापलेलं असो.

आता चौकट. ती पालथी घाला. टेबलावर जाड चादर पसरा, दुसरं माणूस मदतीला घ्या आणि चौकट तोंडाखाली ठेवा. समोरची बाजू माणसाने बघण्यासाठी केलेली असते, तिथे मेस्ताने सगळं कौशल्य ओतलेलं असतं, आणि फसवणूक करणाराही तिथेच मेहनत घेतो. मागे कुणी बघत नाही, म्हणून मागची बाजू सहसा खरं सांगते.

पहिल्यांदा रंग बघा. उघडं लाकूड हवेने हळूहळू काळवंडतं, आणि सगळीकडे सारखं काळवंडत नाही. पाठीची फळी काढली की पतामात, म्हणजे काच बसवायच्या खाचेत, लाकूड फिकं दिसायला हवं, कारण तिथे हवा आणि धूर कमी पोचले. वरची कड धुळीने जास्त काळी, खालची कमी. स्वयंपाकघराच्या किंवा देवघराच्या बाजूला टांगलेल्या चौकटीवर काजळीचा चिकट थर असतो. सगळी पाठ एकाच तपकिरी रंगाची असेल, पतामाच्या आतसुद्धा, तर कुणीतरी ती रंगवली आहे. इथे गोव्यात एक घोळ हमखास होतो. वाळवी लागू नये म्हणून वासे-तुळयांना काजूच्या टरफलाचं तेल लावायची जुनी रीत आहे, आणि घरात उरलेलं तेल लोक तसबिरींच्या पाठीलाही फासत. त्याने दहा वर्षांचं लाकूड शंभर वर्षांचं वाटतं. त्यामागे फसवणूक नसते, लाकडाची काळजी असते. पण वय ठरवताना ते ओळखता यायला हवं. तेलाचे ओघळ आणि ब्रशचे फटकारे तिरप्या उजेडात दिसतात, नैसर्गिक काळवंडण्यात ते नसतात.

तिरप्या उजेडाचं आणखी एक काम. खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च लाकडाला जवळजवळ टेकवून आडवा धरा. करवतीच्या खुणा उभ्या राहतील. हाताने ओढलेल्या करवतीच्या रेघा सरळ असतात, पण त्यांच्यातलं अंतर कमीजास्त असतं, कारण ओढणारा थकतो, थांबतो, पुन्हा जोर लावतो. गोल पात्याच्या यंत्राच्या रेघा कमानीसारख्या वाकलेल्या. पट्टा-करवतीच्या रेघा सरळ आणि अगदी समान अंतरावर. रंधा हाताने मारला असेल तर बोट फिरवल्यावर पृष्ठभाग किंचित लाटांचा लागतो, रंध्याच्या पात्याएवढ्या रुंद, उथळ पन्हाळी हाताला कळतात.

मग खिळे. तुमच्या दुसऱ्या फोटोत पाठीच्या फळीला मारलेल्या चुकांची, म्हणजे बारीक खिळ्यांची, डोकी गोल आणि एकसारखी दिसतात. तारेपासून यंत्राने केलेले गोल खिळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर्वत्र रुळले. त्याआधी लोहाराने घडवलेले चौकोनी, टोकाकडे निमुळते खिळे. पण ‘चौकोनी खिळा म्हणजे अठरावं शतक’ असं सरसकट धरू नका. गावात लोहार होता आणि त्याच्याकडे लोखंड होतं तिथे विसाव्या शतकातही त्याच्याकडूनच खिळे घेतले जात. उलट दिशेने मात्र हा पुरावा पक्का: मूळच्याच भोकात बसलेला तारेचा खिळा असेल तर दोनशे वर्षं हा दावा मोडतो. यातला ‘मूळच्याच भोकात’ हा भाग महत्त्वाचा. एक खिळा हलकेच उपसून बघा. भोकाभोवती लाकडात काळा डाग खोलवर मुरलेला असेल आणि बाजूला दुसरं रिकामं भोक नसेल, तर तो खिळा तिथेच म्हातारा झाला आहे. आपल्या खाऱ्या, दमट हवेत लोखंड लवकर गंजतं, म्हणून गंज बघून वय सांगू नये. लाकडात मुरलेला डाग बघावा. स्क्रू असतील तर त्यांची टोकं बघा: बोथट टोकाचा स्क्रू साधारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या आधीचा, अणकुचीदार त्यानंतरचा. डोक्यावर फुलीची खाच असेल तर तो १९३० च्या दशकाच्या मागे जात नाही.

डिंकाचंही तसंच. सांध्यात पिवळट-तपकिरी, ठिसूळ, काचेसारखा तुटणारा पदार्थ असेल तर तो सरस. कोमट पाण्याच्या थेंबाने तो मऊ होतो. पांढरा किंवा रबरासारखा लवचिक असेल तर आधुनिक गोंद. फेव्हिकॉल १९५९ साली बाजारात आलं, तेव्हा सांध्यात ते दिसलं तर निदान तो सांधा त्यानंतर उघडला गेला आहे. पूर्ण चौकट नवी आहे असं त्यातून सिद्ध होत नाही.

पाठीवर चिकटवलेल्या कागदाकडे लोक कचरा म्हणून बघतात. कृपा करून तो फाडू नका. जुन्या घरांत फटी बुजवायला वर्तमानपत्राच्या पट्ट्या लावत, आणि त्यांवर अक्षरं उरतात. पोर्तुगीज मजकूर असेल तर काळ मुक्तीच्या आधीचा असण्याची शक्यता मोठी. ‘ऊ हेराल्दु’चं नाव दिसलं तर १९०० नंतरचा, कारण ते दैनिक त्या वर्षी निघालं. मराठी ‘गोमन्तक’ असेल तर १९६२ नंतरचा. चौकटकाराची चिठ्ठी असेल आणि तिच्यावर किंमत असेल तर तीही वाचा. पोर्तुगीज गोव्यात १९५८ पर्यंत रुपया आणि तांगा चालत, मग एस्कुदो आले. नोटा तपासायचा जांभळ्या उजेडाचा स्वस्त टॉर्च मिळतो, तो अंधारात कागदावर मारा. कागद निळसर-पांढरा झगझगला तर त्यात चमक आणणारं रसायन आहे, आणि असा कागद सुमारे १९५० नंतरचा. तोच टॉर्च समोरच्या पॉलिशवर मारलात तर लाखेचं पॉलिश नारिंगी झाक दाखवतं. या सगळ्यातून कळतं ते चौकट शेवटची कधी बंद केली, एवढंच. पण तेही कामाचं असतं.

कोपऱ्यांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तुमच्या फोटोत मला सगळ्यात जास्त माहिती तिथेच दिसली. चारही कोपऱ्यांचे तिरपे सांधे आतल्या बाजूने किंचित उघडले आहेत, बाहेरच्या टोकाला घट्ट आहेत. लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत आटतं. पट्टी अरुंद झाली की ४५ अंशांचा काप थोडा बदलतो आणि फट आतून पडते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर लाकूड फुगतं, फेब्रुवारी-मार्चात आटतं, आणि हे वर्षानुवर्षं चालतं. चारही कोपऱ्यांत सारखी फट, आणि फटीच्या आत धूळ, काजळी, जुन्या पॉलिशचा थर, असं असेल तर ती फट खूप आधी पडली आहे. आत लाकूड ताजं, फिकं दिसलं तर ती परवाची, एसीच्या खोलीतली. सुई घालून बघा. मागून कोपऱ्यात लाकडाची पातळ पट्टी आडवी बसवली आहे की कूस-साळ (एका पट्टीची जीभ दुसरीच्या खाचेत) केली आहे, तेही पाहा. घरी बसून काम करणारा मेस्त सांधा असा बांधून काढी, कारण चौकट जड आणि खिळे महाग. दुकानात विकत मिळणाऱ्या गोल्याच्या (तयार नक्षीच्या) पट्ट्या कापून केलेल्या चौकटीत नुसते दोन खिळे आणि डिंक असतो. कोपऱ्यावर पटाशीने मारलेल्या एक, दोन, तीन, चार अशा खाचा सापडल्या तर फार चांगलं. त्या मेस्ताने कोणती बाजू कुठे बसते हे लक्षात ठेवण्यासाठी केलेल्या असतात.

लाकूड ओळखायला मागच्या बाजूला, आडव्या कापावर, नव्या ब्लेडने नखाएवढी जागा साफ करा आणि भिंगातून बघा. सागात मोठ्या छिद्रांची ओळ वर्षवलयाच्या सुरुवातीला दिसते, आणि ताज्या कापाला चामड्यासारखा वास येतो. शिसम जड, जांभळट, काळ्या रेघांचा. फणसाचं लाकूड ताजं असताना पिवळंधमक असतं आणि काळाने सोनेरी तपकिरी होतं, म्हणून जुन्या फणसाला लोक सर्रास साग म्हणतात. खरवडल्यावर आत पिवळं निघालं तर फणस. शिवणीचं लाकूड फिकं, हलकं आणि कोरायला मऊ, आंब्याचं किड्यांना आवडतं. लाकडावरून वय कळत नाही, पण काम कुठलं ते कळायला मदत होते. आतली चौकट फणसाची आणि पाठ परदेशी खोक्याच्या देवदारी फळीची असेल तर ते काम इथेच, हाताशी आलेल्या सामानात झालं, असं मी धरतो.

किड्यांच्या भोकांवर भलताच विश्वास ठेवला जातो. खऱ्या किड्याचं भोक बाहेरून गोल, एक-दोन मिलिमीटरचं, आणि आत गेलं की वळतं. बारीक तार सरळ आत जात असेल आणि सगळी भोकं सारख्या खोलीची असतील तर ती ड्रिलची आहेत. कोरलेल्या पानाच्या पृष्ठभागावर किड्याची अर्धी नळी, पन्हाळीसारखी, उघडी पडलेली दिसली तर सावध व्हा. किड्याने आधी लाकूड खाल्लं आणि कोरीवकाम नंतर झालं, म्हणजे जुन्या तुळईच्या लाकडातून नवी चौकट केली आहे. आजकाल हे बरंच चालतं.

कोरीवकामाकडे मी सगळ्यात शेवटी बघतो, आणि याचं कारण गोव्यातच आहे. इथे च्यारी, म्हणजे सुतारकाम करणाऱ्या, घराण्यांत नमुने बापाकडून मुलाकडे आले. द्राक्षवेल, शंख, अकँथसची काटेरी कडांची पानं, पोपट, हे नमुने चर्चच्या वेदीवरही आहेत, देवळाच्या मखरातही आणि साध्या तसबिरीवरही. जुन्या गोव्याला सांता मोनिकाच्या मठात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे, तिथलं लाकूडकाम एकदा जवळून बघा. मग लक्षात येईल की तिथल्या वळणाची पानं आजही फोंडा-डिचोलीचे कारागीर कोरतात. म्हणून शैलीवरून ‘याच्या आधीचं नाही’ एवढं म्हणता येतं, ‘याच काळातलं’ असं नाही. हाताचं काम आहे की नाही, हे मात्र ठरवता येतं. तुमच्या फोटोत डाव्या पोपटाचा डोळा गोल पटाशीच्या एकाच फिरकीत उमटला आहे. उजव्याचा डोळा दोनदा फिरवून, जरा मोठा झाला आहे, आणि त्याच्या पंखात एक रेघ कमी आहे. घोसाखालच्या जमिनीवर पटाशीचे छोटे, वेगवेगळ्या दिशांचे घाव आहेत. यंत्राने कोरलेल्या चौकटीत दोन्ही पोपट तंतोतंत सारखे आले असते आणि आतल्या खाचांचे कोपरे फिरत्या पात्यामुळे एकसारखे गोल राहिले असते. खडू, सरस, राळ यांच्या लगद्याचे साच्यातले दागिने असते, तर त्यांना ठराविक अंतरावर आडवे तडे गेले असते. तुमच्याकडे तसं काही नाही. हे हाताचं, चांगल्या हाताचं काम आहे.

सोनेरी रंगाबद्दल एवढंच: घोसांवरचा सोनेरी रंग कडांना हिरवट-तपकिरी पडलाय, म्हणजे तो पितळी भुकटीचा रंग आहे. सोन्याचा वर्ख काळा-हिरवा पडत नाही. वर्खाखाली पांढरा लेप आणि त्यावर तांबड्या मातीचा थर असतो, झिजलेल्या जागी तो दिसतो. तुमच्याकडे थेट लाकूड दिसतंय. हा रंग बहुधा नंतर कुणीतरी सणावाराला मारलाय. काचेत तिरपं बघितल्यावर खिडकीचं प्रतिबिंब लहरत असेल, बुडबुडे असतील, तर काच जुनी. अगदी सपाट असेल तर बहुधा बदललेली. ती काढताना हातमोजे घाला, जुनी काच पातळ असते.

मग माझा अंदाज काय? फोटोवरून, सगळं धरून, सुमारे १९०० ते १९३०. चित्र १८९० च्या दशकाच्या अखेरीनंतरचं, मागे तारेचे खिळे, हाताचं कोरीवकाम, आतून आटलेले सांधे. पतामाचं माप चित्राच्या मापाला बरोबर बसत असेल आणि चित्राच्या कडा कापलेल्या नसतील, तर चौकट याच चित्रासाठी केली, आणि मामांची गोष्ट खरी ठरते. तसा त्यांच्या आजोबांचा काळही जुळतो. चित्र कापून बसवलं असेल, किंवा पतामात आधीच्या, वेगळ्या मापाच्या काचेची रेघ असेल, तर चौकट चित्रापेक्षा जुनी असू शकते. तेव्हा खिळ्यांची मूळ भोकं निर्णायक ठरतील. दोनशे वर्षं मात्र मला कुठल्याच खुणेत दिसत नाहीत. प्रयोगशाळेत पाठवू नका. कार्बनच्या कसोटीला गेल्या तीनशे वर्षांतलं लाकूड नीट वेगळं करता येत नाही, आणि कळलंच तर झाड कधी वाढलं ते कळेल, चौकट कधी झाली ते नाही.

विकायची असेल तर हे ध्यानात ठेवा: १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तू केंद्र सरकार किंवा त्याने अधिकार दिलेल्या संस्थेशिवाय कुणालाही देशाबाहेर पाठवता येत नाहीत, आणि पुरावस्तूंच्या व्यापाऱ्याला परवाना लागतो. तुमची चौकट त्या उंबरठ्यावर आहे, तेव्हा परदेशातल्या गिऱ्हाइकाचं नाव काढणाऱ्याला आधी परवाना विचारा. मला विचाराल तर विकू नका. बाजारात ती ‘एक जुनी फ्रेम’ होईल. तुमच्या घरात ती कुणी, कुणासाठी केली हे ठाऊक असलेली चौकट आहे, आणि तशा चौकटी आता फार थोड्या उरल्यात. मामांना बसवून मेस्ताचं नाव, गाव, जे आठवतं ते लिहून घ्या आणि तो कागद पाठीमागे पाकिटात ठेवा. चिकटवू नका.

चवथीला ती लावायची असेल तर कोरड्या, मऊ ब्रशने धूळ झाडा, वरून खाली. खोबरेल, लिंबू, चिंच, बाजारातलं फर्निचर पॉलिश, काहीही नको. मागे भिंतीची ओल लागू नये म्हणून खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, हवा खेळू द्या. ताजा भुसा पडत असेल तर ती घरात आणू नका, आधी तेवढा इलाज करू.

आणि मला पाच फोटो पाठवा: पूर्ण पाठ, एक कोपरा मागून जवळून, उपसलेला एक खिळा मोजपट्टीशेजारी, पाठ काढल्यावर पतामाची आतली बाजू, आणि चित्राची खालची कड चौकटीबाहेर काढून. उजेड तिरपा ठेवा, फ्लॅश बंद. ते आले की वीस-तीस वर्षांचा हा अंदाज आणखी जवळ आणता येईल.